पीसी मधूनच रीस्टार्ट होतोय, सगळे म्हणतात बायोस अपडेट कर. करू का?

निशाचर_०७ | सोमवार, रात्री ११:४८

मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून शेवटी धागा काढतोय. दीडेक वर्षापूर्वी पीसी स्वतः जोडला, वर्षभर गुणी बाळासारखा चालला आणि गेले तीन महिने मधूनच फटकन रीस्टार्ट होतो. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, काही नाही. समोर ब्राउझर उघडा असतो, गाणं चालू असतं, ते गाणं अर्धा सेकंद घरघरतं, स्क्रीन काळी आणि पुढच्या क्षणाला थेट मदरबोर्डचा लोगो. गंमत अशी की व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला, तासभर सगळे कोअर शंभर टक्के भरलेले, तर ढिम्म हलत नाही. नुसता बसून असला की मात्र जातो. म्हणजे मी उठून पाणी प्यायला गेलो की त्याने डाव साधलाच.

आतापर्यंत केलेलं: रॅम काढून परत बसवली, मित्राचा पॉवर सप्लाय आणून आठवडाभर लावला, विंडोज पुसून नव्याने टाकलं, तापमान बघितलं (पन्नाशीच्या आत). फरक शून्य. आता जो तो म्हणतो बायोस (बोर्डवरच्या चिपमधला, मशीन चालू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट कर. माझ्या बोर्डवर पहिल्या दिवसापासून जो आहे तोच बायोस आहे, आणि साइटवर त्यानंतरचे अकरा दिसतायत. पण हा एकच पीसी आहे, पोटापाण्याचं काम यावरच, आणि एका मित्राचा बोर्ड अपडेट करताना गेलेला मी डोळ्यांनी बघितलाय. काय करू?

(कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल आणि लोक एकमेकांच्या उरावर बसतील.)

गंजलेलास्क्रू | मंगळवार, सकाळी ६:२०

एका वाक्यात सांगतो, चालतंय ना, मग हात लावू नका.

मी फ्लॉपीवरून बायोस टाकायच्या काळातला माणूस आहे. एकदा पट्टी भरताना नव्वदच्या पुढे अडकली ती अडकलीच, अर्धा तास मी खुर्चीच्या काठावर बसून होतो, शेवटी बटण दाबून बंद केला आणि पुन्हा तो बोर्ड कधी बोलला नाही. चूक माझीच होती हे फार नंतर कळलं. बोर्डचं नाव बरोबर होतं पण माझ्याकडचा होता रिव्हिजन १.० आणि फाइल उतरवली रिव्हिजन २.० ची. बोर्डच्या अगदी कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं असतं ते. तेव्हापासून मी बायोसच्या वाटेला जात नाही.

सोल्डरताई | मंगळवार, सकाळी ९:०५

काका, "चालतंय ना" म्हणताय, पण त्याचं चालत नाहीये हो, म्हणून तर धागा काढलाय त्याने :)

निशाचर, करायचं की नाही ते नंतर बघू, आधी पुरावा काढ. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघड, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम. तिथे तुला लाल रंगात "कर्नल-पॉवर ४१" दिसेल, लोक तेवढंच कॉपी करून सगळीकडे विचारत फिरतात, त्याचा काही उपयोग नाही. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद न होता गेलं. हा नुसता मृत्यूचा दाखला झाला, कारण त्यात लिहिलेलं नसतं. त्याच्या आसपास "व्हिया लॉगर" नावाची, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांची नोंद आहे का बघ आणि तिचा आकडा सांग. १७, १८ की १९.

निशाचर_०७ | मंगळवार, दुपारी १:३२

ताई, आहे! १८ आहे. विंडोज नव्याने टाकल्यापासूनच्या तीन आठवड्यांत सात वेळा. सगळीकडे "कॅशे हायरार्की एरर" लिहिलंय, खाली प्रोसेसरचा एक आयडी नंबर आहे तो मात्र दर वेळी वेगळा. म्हणजे प्रोसेसर गेला का माझा?

सोल्डरताई | मंगळवार, दुपारी २:१०

थांब, लगेच रडायला घेऊ नकोस. १८ म्हणजे हार्डवेअरनेच वर कळवलंय की दुरुस्त न होणारी चूक झाली म्हणून मशीन पाडलं. (१९ असती तर चूक झाली पण सावरून घेतली, आणि १७ बहुतेक वेळा पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्ड वगैरे जोडतात त्या बाजूची, तीही सावरलेली.) दर वेळी त्याच कोअरचा नंबर असता तर मला त्या कोअरवर जास्त संशय आला असता. नंबर बदलतोय आणि लोडवर न पडता रिकामा असताना पडतोय, म्हणजे कोअर झोपताना उठताना त्यांना मिळणाऱ्या व्होल्टेजकडे किंवा रॅमच्या बाजूला बघावं लागेल. आणि या दोन्हींचा कारभार बायोस बघतो.

लोकांना बायोस म्हटलं की तो निळा नाहीतर लाल सेटिंगचा पडदाच आठवतो. ती झाली नुसती दर्शनी ओटी. बोर्डवर नखाएवढी एक फ्लॅश चिप असते, आजकाल बहुधा १६ किंवा ३२ एमबीची, तिच्यात रॅमला शिकवणी देणारा कोड असतो, प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याच्या आतल्या वागण्याच्या सूचना) असतो, एएमडी असेल तर प्रोसेसर आणि रॅम सुरू करणाऱ्या कोडचं एजेसा नावाचं पूर्ण गाठोडं, इंटेल असेल तर मॅनेजमेंट इंजिनचं फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतच बसवलेला प्रोग्रॅम), शिवाय कुठल्या कोअरला किती व्होल्टेज, पॉवरची मर्यादा किती, पंखे कसे फिरवायचे, सगळं. मायक्रोकोड प्रोसेसरमध्ये कायमचा कोरला जात नाही, दर वेळी चालू करताना बायोस तो नव्याने भरतो. म्हणून बायोस जुना तर प्रोसेसरही जुन्याच समजुतीवर चालणार. ऑपरेटिंग सिस्टीमही बूट होताना नवा मायक्रोकोड भरू शकते हे खरं, पण रॅमची शिकवणी आणि पॉवरचे आकडे तिच्या हातात नसतात.

आणि हे काही पुस्तकी नाही. जुलै २०२४ मध्ये इंटेलनेच सांगितलं की त्यांच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये मायक्रोकोडच्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतोय. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ हा दुरुस्त मायक्रोकोड आला, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी, आणि तो दुसरा तर खास रिकामं असताना किंवा हलक्या कामात जास्त व्होल्टेज मागायच्या सवयीसाठी होता. लोकांना गेममध्ये "व्हिडिओ मेमरी संपली" अशी एरर यायची, बिचारे ग्राफिक्स कार्ड बदलत बसले आणि दुखणं निघालं प्रोसेसरचं. त्यातली वाईट गोष्ट अशी की जो प्रोसेसर आधीच झिजला तो अपडेटने बरा होत नाही, पुढची झीज थांबते इतकंच. म्हणून तर इंटेलला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

शंकासुर | मंगळवार, दुपारी ३:४४

ताईंचं सगळं मान्य, पण नाण्याची दुसरी बाजू सांगायला मी आहेच. तुम्ही जे उदाहरण दिलंत ती चूक आली कुठून? फर्मवेअरमधूनच ना? म्हणजे ज्याने खड्डा खणला तोच बुजवायला आला आणि आपण त्याच्या पाया पडायचं. प्रत्येक नव्या बायोसमध्ये जुन्या चुका जातात आणि नव्या येतात. शिवाय ते रिलीज नोट्स नावाचं प्रकरण, "सिस्टीमची स्थिरता सुधारली". अरे कुठली स्थिरता, कोणाची, काय बिघडलं होतं? अकरापैकी नऊ आवृत्त्यांवर हेच वाक्य असतं.

निशाचर, तुझ्या अकरा बायोसच्या नोट्स इथे मराठीत थोडक्यात टाक. त्यात तुझ्या दुखण्याचं नाव असेल तर टाक अपडेट, नसेल तर आधी दुसरं तपासू. आणि खरं सांग, एक्सएमपी (रॅम तिच्या साध्या वेगापेक्षा जोरात पळवायची सेटिंग) चालू आहे ना?

निशाचर_०७ | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

एक्सएमपी चालू आहे, पहिल्या दिवसापासून. रॅम ६००० ची आहे आणि दोनच कांड्या आहेत.

नोट्स वाचल्या, तुम्ही म्हणता तसंच आहे, "स्थिरता सुधारली" सात वेळा. पण मधल्या एकावर लिहिलंय "रिकाम्या अवस्थेत सिस्टीम अचानक रीसेट होण्याची अडचण दूर केली", आणि त्याच्या पुढच्या दोघांवर रॅमची सुसंगतता वाढवली असं. सगळ्यात वरचा बीटा, म्हणजे अजून चाचणीतला आहे. त्याच्या खालचा चार महिने जुना, बीटा नाही.

शंकासुर | मंगळवार, संध्याकाळी ७:२१

घ्या. नावानिशी सापडलं. मी माझे शब्द अर्धे मागे घेतो.

बीटाच्या वाटेला जाऊ नकोस, चार महिने जुना घे. चार महिन्यांत त्याच्या नावाने कोणी ओरडलं असतं तर कंपनीने तो साइटवरून खाली उतरवला असता, असं होतं बरेचदा.

फक्तवाचक | मंगळवार, संध्याकाळी ७:५०

वाचतोय. माझाही असाच प्रकार आहे पण मी पीसी बंदच करत नाही म्हणजे रीस्टार्ट झाला तरी मला कळत नाही.

शंकासुर | मंगळवार, संध्याकाळी ७:५२

@फक्तवाचक, हा उपाय पेटंट करून घ्या.

पेंग्विनप्रेमी | मंगळवार, रात्री ९:३०

लिनक्सवाल्यांसाठी सांगून ठेवतो, आपल्याकडे हे प्रकरण बरंच सुटसुटीत झालंय. एफडब्ल्यूअपडी नावाची सेवा आहे आणि तिच्यामागे एलव्हीएफएस हे भांडार, कंपन्या स्वतः तिथे सही केलेलं फर्मवेअर चढवतात. लॅपटॉपवाल्यांमध्ये डेल, लेनोवो, एचपी तिथे आहेत. उपकरणांची यादी मागितली की बायोस, एसएसडी, डॉक, अगदी वायरलेस माउसचा रिसीव्हरसुद्धा दिसतो आणि कोणाचं काय बाकी आहे ते कळतं. मी पहिल्यांदा ती यादी बघितली तेव्हा चक्रावलो, आपण "फर्मवेअर" एकवचनी म्हणतो आणि इथे खोक्यात डझनभर छोटे छोटे कॉम्प्युटर बसलेत, प्रत्येकाचं आपलं एक. पण सुटे बोर्ड घेऊन जोडलेल्या पीसीला ही सोय फारशी लागू पडत नाही, त्यामुळे निशाचरला पेनड्राइव्हशिवाय गत्यंतर नाही.

सोल्डरताई | मंगळवार, रात्री १०:२५

पेनड्राइव्हच बरा. विंडोजमधून चालणारं कंपनीचं टूल वापरू नकोस, मागे शंभर गोष्टी चालू असतात आणि तुझं मशीन तर कधी कोसळेल याचा नेम नाही. ऐन लिहिताना कोसळलं तर काकांची गोष्ट परत घडेल. ते सगळे ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारे फुकटे प्रोग्रॅम तर दारातही उभे करू नकोस.

आता नीट ऐक. आधी बायोसमध्ये जा आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढ, अगदी पंख्याच्या पानाचासुद्धा, कारण अपडेट झाल्यावर सगळं पुसलं जाणार आहे, आणि सेव्ह केलेलं प्रोफाइल बहुतेक वेळा नव्या आवृत्तीला चालत नाही. मग बोर्डचं नाव आणि रिव्हिजन बोर्डवरच वाचून घे, खोक्यावर नको, काकांनी सांगितलेली मुंगीएवढी अक्षरं. फाइल फक्त बोर्डच्या कंपनीच्या साइटवरून घे, झिप असेल तर उघडून आतली फाइल घे, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट कर. नोट्समध्ये "आधी अमुक आवृत्ती टाकणं गरजेचं" असं काही आहे का परत बघ, कधी कधी मधली पायरी चुकवता येत नाही. आणि "यानंतर मागे जाता येणार नाही" असंही लिहिलेलं असतं, ते बारीक अक्षरात असतं आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं. मग डिफॉल्ट लोड कर म्हणजे एक्सएमपी बंद होईल, मशीन आपल्या साध्या वेगावर येईल, आणि तशा अवस्थेत बायोसच्या आतलं फ्लॅशचं टूल चालव. यूपीएस असेल तर त्यावर.

मागे फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघ. असेल तर निम्मी भीती तिथेच संपली. कारण ते बटण प्रोसेसर, रॅम काहीही न लागता पेनड्राइव्हवरून चिप परत लिहितं. फाइलला ठरावीक नाव द्यावं लागतं आणि पेनड्राइव्ह ठरावीक भोकातच लावायचा, ते मॅन्युअलमध्ये असतं.

आणि एक, त्या संध्याकाळी फक्त बायोस. चिपसेट ड्रायव्हर, ग्राफिक्स ड्रायव्हर सगळं एकदम करू नकोस, नाहीतर बरा झाला तरी कशाने झाला ते कळणार नाही आणि शंकासुर तुला जगू देणार नाही.

कासव | मंगळवार, रात्री ११:०२

मध्येच घुसते, माफ करा. माझ्या लॅपटॉपला गेल्या महिन्यात विंडोज अपडेटमध्येच बायोस आला, मी रीस्टार्ट दे म्हणाली आणि नंतर निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (विंडोजचं ते ड्राइव्ह कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) ४८ आकडी की मागितली!! मी कधी बिटलॉकर लावलेलाच नाही. मला वाटलं हॅक झाला. दोन दिवस बंद करून ठेवला होता लॅपटॉप कपाटात. शेवटी भाचीने माझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन ती की काढून दिली. असं का होतं?

पेंग्विनप्रेमी | मंगळवार, रात्री ११:१८

कासवताई, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, विचारतही नाही नीट. त्याची किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षित भागात असते, आणि टीपीएम किल्ली द्यायच्या आधी बघतो की चालू होताना जे फर्मवेअर वगैरे मोजलं ते कालच्यासारखंच आहे का. बायोस बदलला की ते माप बदलू शकतं, मग टीपीएम म्हणतो मी याला ओळखत नाही, किल्ली देत नाही, माणसाकडूनच आकडे आणा. म्हणजे तो त्याचं काम चोख करत होता, फक्त तुम्हाला कोणी आधी सांगितलं नाही.

पुढच्या वेळी बिटलॉकर आधी सस्पेंड करायचा, म्हणजे तात्पुरता थांबवायचा, बंद नाही, सस्पेंड. आणि ती की कागदावर लिहून ठेवा, त्याच लॅपटॉपमधल्या नोटपॅडमध्ये नको.

कासव | मंगळवार, रात्री ११:२४

नोटपॅडमध्येच ठेवली होती :( आता लिहिते कागदावर.

सोल्डरताई | मंगळवार, रात्री ११:४०

निशाचर, हे तुलाही लागू आहे हं. प्रोसेसरमधला टीपीएम असेल तर अपडेटनंतर बायोस विचारू शकतो "टीपीएम रीसेट करू का". बिटलॉकर असेल आणि की हाताशी नसेल तर तिथे हो म्हणू नकोस.

आणि टीपीएमचा विषय निघालाच आहे तर, २०२२ च्या मार्चमध्ये एएमडीने कबूल केलं होतं की काही रायझन सिस्टीममध्ये टीपीएमचं फर्मवेअर बोर्डवरच्या त्या फ्लॅश चिपशी बोलताना जास्तीचा वेळ घेतं आणि तेवढा वेळ अख्खं मशीन अडखळतं, आवाज घरघरतो, माउस थिजतो. मे महिन्यापासून नवे बायोस आले. विंडोज कितीही वेळा टाकलं असतं तरी ते गेलं नसतं.

गंजलेलास्क्रू | बुधवार, सकाळी ६:०५

वाचतोय सगळं. फ्लॅशबॅकचं बटण ही आमच्या वेळी नसलेली गोष्ट, हे मात्र मानलं. आम्हाला दुसऱ्या चालू बोर्डवरची चिप वीज चालू असतानाच उपटून आपली बसवायची, असे उद्योग करावे लागायचे. एप्रिल १९९९ मध्ये सीआयएच व्हायरसने लोकांच्या बायोसवरच कचरा लिहिला तेव्हा असे किती बोर्ड हातातून गेले.

निशाचर_०७ | शनिवार, रात्री १२:२०

केलं!!! सांगतो कसं झालं, माझे हात अजून थंड आहेत.

फोटो काढले, एकवीस झाले. रिव्हिजन बघायला टॉर्च लागला, ग्राफिक्स कार्डच्या खाली दडलेलं होतं, १.१ निघालं, साइटवर १.० आणि १.१ ची पानं वेगवेगळी!! काका तुमचे उपकार. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा होता, विंडोज त्याला फॅट३२ करूच देईना, मग जुना ८ जीबीचा शोधला. डिफॉल्ट लोड केलं, टूल उघडलं, फाइल निवडली, "खात्री आहे का" विचारलं, खात्री नव्हती पण हो म्हटलं.

पट्टी भरायला जेमतेम तीन मिनिटं लागली. मग आपोआप रीस्टार्ट झाला आणि स्क्रीन काळी. पंखे फिरतायत, बोर्डवरचा पिवळा दिवा लागलेला, त्याच्याजवळ "डीरॅम" लिहिलेलं. एक मिनिट. दोन मिनिटं. मध्येच पंखे थांबले, परत सुरू झाले, परत तोच पिवळा दिवा. माझं बोट पॉवरच्या बटणावर होतं, खरंच सांगतो, नुसतं टेकवलेलं. मोबाइलवर हा धागा उघडून शोधत होतो की कोणी काळ्या स्क्रीनबद्दल लिहिलंय का, कोणीच नाही! चौथ्या मिनिटाला लोगो आला. मी खुर्चीतून उठलो आणि उगाचच खोलीत एक चक्कर मारली.

सोल्डरताई | शनिवार, सकाळी ८:१५

अरे देवा, चुकलंच माझं, हेच सांगायचं राहिलं. बायोस बदलल्यावर पहिल्यांदा चालू होताना डीडीआर५ रॅमची शिकवणी नव्याने होते. बायोस प्रत्येक वाहिनीवर वेगवेगळ्या वेळा आणि व्होल्टेज लावून बघतो की कुठे डेटा नीट वाचता येतो, त्यात मिनिटंच्या मिनिटं जातात आणि मध्ये एकदोनदा स्वतःच रीस्टार्टही घेतो. बरेच लोक नेमके इथेच घाबरून बटण दाबतात. तू बोट टेकवून थांबलास ते बरं केलंस. पुढे कोणी वाचत असेल तर दहापंधरा मिनिटं हात बांधून बसा.

शंकासुर | शनिवार, सकाळी १०:३०

अभिनंदन, पण पार्टीला वेळ आहे. डिफॉल्ट लोड झालंय, म्हणजे आत्ता तुझा एक्सएमपी बंद आहे. एक्सएमपी हे शेवटी ओव्हरक्लॉकच (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं), खोक्यावर छापलं म्हणून ते पवित्र होत नाही. आता दोन आठवडे रीस्टार्ट झाला नाही तर श्रेय कोणाचं, नव्या बायोसचं की रॅम हळू चालल्याचं? खरं तर जुन्या बायोसवरच एक्सएमपी बंद करून आठवडा काढायला हवा होता, मलाही तेव्हा सुचलं नाही.

निशाचर_०७ | शनिवार, सकाळी १०:४१

तुम्ही आनंद टिकूच देत नाही राव. पण पटलं. असं करतो, दहा दिवस असाच चालवतो, मग फोटो बघून सगळं पहिल्यासारखं करतो, एक्सएमपीसकट.

(सतरा दिवसांनी)

निशाचर_०७ | मंगळवार, रात्री ९:५५

धागा वर काढतोय. पहिले दहा दिवस एक्सएमपी बंद, व्हियाची एकही नोंद नाही, १८ नाही की १९ नाही. मग गेल्या आठवड्यात सगळी सेटिंग्ज फोटो बघत जशीच्या तशी केली, रॅम परत ६००० वर. आज सात दिवस झाले. मुद्दाम रात्रभर रिकामा चालू ठेवतो, गाणी लावून. इव्हेंट व्ह्यूअर स्वच्छ. आधी सरासरी तीन दिवसांत एकदा तरी जायचा.

शंकासुर | मंगळवार, रात्री १०:०३

आधी: जुना बायोस, एक्सएमपी चालू, पडतो. आता: नवा बायोस, तोच एक्सएमपी, त्याच कांड्या, तीच सेटिंग्ज, पडत नाही. सात दिवस कमी आहेत, अजून दोन आठवडे काढ, पण आता मी गप्प बसतो.

गंजलेलास्क्रू | बुधवार, सकाळी ६:१२

मग आता दर महिन्याला टाकत बसायचं का हे?

सोल्डरताई | बुधवार, सकाळी ९:२०

नाही हो काका. मी स्वतः तीनच कारणांसाठी टाकते. एक, नोट्समध्ये माझ्या दुखण्याचं नाव आहे. दोन, नवा प्रोसेसर बसवायचाय, आणि त्यातही जपून, एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटच्या बोर्डांवर १६ एमबीची चिप पुरेना म्हणून नव्या प्रोसेसरना जागा करताना काही कंपन्यांनी जुन्यांचा पाठिंबाच काढून टाकला होता, म्हणजे नवा बायोस टाकला आणि जुना प्रोसेसर लावला तर बोर्ड मुका. तीन, सुरक्षेचं भोक किंवा हार्डवेअर जळायची भीती. २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी सॉकेटसकट जळले तेव्हा एएमडीने एसओसी (प्रोसेसरमधला, रॅम वगैरे सांभाळणारा भाग) व्होल्टेजला १.३ व्होल्टचा लगाम घातला, तो बायोस त्याच दिवशी टाकायचा होता, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लोगोफेल बाहेर आलं, चालू होताना दिसणाऱ्या कंपनीच्या लोगोचं चित्र वाचणाऱ्या कोडमध्येच भोकं. आणि सिक्युअर बूटची (चालू होताना फक्त सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) २०११ ची मायक्रोसॉफ्टची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून संपायला लागतात, त्यांच्या जागी २०२३ ची यायला हवीत, तेव्हा काही जुन्या मशीनना कंपनीचा बायोसही लागू शकतो.

"नवा आलाय" हे कारण माझ्या यादीत नाही.

पेंग्विनप्रेमी | बुधवार, सकाळी ११:०५

आणि एसएसडी विसरू नका. सगळे बायोस बायोस करतात आणि ज्याच्यावर आयुष्यभराचे फोटो आहेत त्याचं फर्मवेअर कोणी बघत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने कळवलं की त्यांच्या काही सर्व्हरच्या एसएएस जोडणीच्या एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की मरतात. म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. आकडा ओळखीचा वाटतोय ना, दोनाचा पंधरावा घात, तास मोजणारा काटा तिथे उलटतो. एकाच दिवशी चालू केलेल्या ड्राइव्ह एकाच दिवशी जाणार, मग रेड (एकाच डेटाची जबाबदारी अनेक ड्राइव्हवर वाटणं) लावून काय उपयोग, आणि डेटाही परत मिळत नाही. इलाज एकच, त्या तासाच्या आधी नवं फर्मवेअर.

घरगुती उदाहरण हवं तर क्रुशल एम४. ५,१८४ तास भरले की मशीन कोसळायचं, चालू केलं की तासाभराने परत. जानेवारी २०१२ मध्ये ०३०९ नावाचं फर्मवेअर आलं आणि तेवढ्याने गेलं. विचार करा, बरोबर तासाने पडणाऱ्या मशीनची किती जणांनी रॅम बदलली असेल.

एसएसडीच्या फर्मवेअरला मात्र बॅकअप घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. बायोस गेला तर बोर्ड जातो, हे गेलं तर फोटो जातात.

कासव | बुधवार, दुपारी १२:१५

की कागदावर लिहिली. दोन कागदांवर. एक भाचीकडे दिलाय.

निशाचर_०७ | बुधवार, रात्री १०:३३

पेंग्विनदादा, तुमचं वाचून कंपनीचं टूल उघडलं. दोन एसएसडी आहेत, एकीला काही नाही, दुसरीला नवं फर्मवेअर दाखवतंय, नोट्समध्ये "झोपेतून उठताना ड्राइव्ह न दिसण्याची अडचण दूर केली". आणि आठवलं, दोनतीनदा स्लीपमधून उठवल्यावर माझा डी ड्राइव्ह गायब झाला होता, मी समजत होतो तोही याच दुखण्याचा भाग आहे.

बॅकअप लावलाय. ६१ टक्के झालाय. आज रात्री फक्त बॅकअप, फर्मवेअर उद्या, आणि परवा शंकासुर विचारतीलच म्हणून तारीख लिहून ठेवतोय.